रामटेके यांचा खडू

रामटेके यांच्या शोकसभेत एक गृहस्थ वीस मिनिटं बोलले. त्यांनी रामटेके यांना कर्मयोगी म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, आणि आवाज थोडा खाली आणून सांगितलं, "या माणसाने आयुष्यात एकही चूक केली नाही." टाळ्यांचा प्रसंग नव्हता, तरी मागून दोघांनी वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या शांतावहिनींनी, म्हणजे रामटेके यांच्या पत्नीने, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "काय बोलून राहिला जी हा माणूस?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. रामटेके यांनी चुका केल्या होत्या. त्यातली एक तर मी स्वतः पाहिली आहे, चांगल्या उजेडात, पंधरावीस माणसांसमोर केलेली. ती लिहून ठेवली नाही तर ते दीपस्तंभच होऊन बसतील, आणि दीपस्तंभाशी शेजारधर्म पाळता येत नाही.

जबलपुरात मदन महल स्टेशनच्या मागच्या बाजूला आमची दोन घरं एकाच भिंतीला चिकटून होती. मी रेल्वेच्या कार्यालयात बाबू. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर नेणं, एवढंच माझं राष्ट्रकार्य. रामटेके संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, सैन्याचे ट्रक जिथे बनत तिथे. ट्रकमध्ये तारा बसवणं हे त्यांचं काम. भंडाऱ्याकडून त्यांचे वडील इकडे आले होते, त्याच कारखान्यात कामगार म्हणून. घरात बाबासाहेबांचा एक फोटो, बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि बाकी सगळीकडे वायरींची भेंडोळी. अंगणात बसून ते काहीतरी सोडवत असायचे आणि मी ओट्यावर काहीतरी वाचत असायचो. चाळीस वर्षं हा देखावा बदलला नाही.

"कुळकर्णीबाबू, एवढी पुस्तकं वाचून राहिले तुम्ही," ते मान वर न करता म्हणायचे, "काही फरक पडून राहिला का?"

"अजून तरी नाही."

"मग वाचत राहा. माझा पण मिक्सर अजून चालू नाही झाला."

उंचीने बेताचे, हाताची बोटं मात्र लांब. शर्ट नेहमी इस्त्रीचा, रविवारीसुद्धा. खिशात दोन वस्तू कायम असत. एक टेस्ट लॅम्प, म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन तारा. तार जिवंत आहे की मेलेली, ते तो बल्ब सांगतो. आणि दुसरी वस्तू, पांढरा खडू. खडूमुळे खिशाच्या तळाला कायम एक फिकट डाग असे. वहिनी तो धुऊन धुऊन थकल्या आणि शेवटी त्यांनी तो शर्टाचाच भाग मानला.

किल्ली या वस्तूशी त्यांचं वैर होतं. त्यामागे कारण होतं. ते ज्या ट्रकमध्ये तारा बसवत त्यांना किल्ली नसे. नुसता एक खटका, फिरवला की चालू. मी आश्चर्य व्यक्त केलं तेव्हा त्यांनी मला बाबू लोकांना समजावतात तसं समजावलं. "समोरून गोळ्या येऊन राहिल्या, आणि शिपाई खिशात चावी शोधून राहिला. चालन का?" तेव्हापासून जगातली प्रत्येक किल्ली त्यांना थोडी फालतू वाटे. घरातल्या कपाटाला कुलूप नव्हतं. अंगणाच्या फाटकाला होतं, पण त्याची किल्ली फाटकालाच सुतळीने बांधलेली.

"मग कुलूप कशाला?" मी एकदा विचारलं.

"वारा लई येते. फाटक आपटते."

विजय नगरमध्ये एका बागेत कारंजं बांधलं होतं, त्याच्या उद्घाटनाची गोष्ट मला फार आवडते. पाहुणे मोठे होते. स्टेजवर मखमलीने मढवलेला एक खांब, त्यावर लाल बटण. संयोजकांनी कामासाठी रामटेके यांना बोलावलं आणि योजना सांगितली. बटणाला तार नाही. साहेब बटण दाबतील, तेव्हा झुडपामागे बसलेल्या रामटेके यांनी खरा स्विच टाकायचा. असं सगळीकडेच होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. रामटेके हो म्हणाले, आणि दुपारभर उन्हात बसून बागेच्या कडेने चर खणून त्या बटणापर्यंत खरी तार नेली. संयोजकांना सांगितलंसुद्धा नाही. संध्याकाळी साहेबांनी बटण दाबलं, पाणी उडालं, संयोजकांनी झुडपाकडे कौतुकाने पाहिलं. झुडपामागे कुणी नव्हतं. रामटेके माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत बसून चुरमुऱ्यांच्या भत्त्यातले शेंगदाणे वेचून खात होते.

"एवढी मेहनत काहून केली? कुणाला कळलं पण नाही," मी म्हणालो. त्यांच्या सहवासात माझ्याही तोंडात ती भाषा येई.

"बटण लावलं तर तार लावावी जी," ते म्हणाले. "नाहीतर बटण लावू नये."

साहेब लोकांच्या भाषणांवर मी एवढी वर्षं जे म्हणू पाहत होतो, ते या माणसाने शेंगदाणे खात एका वाक्यात संपवलं. मी थोडा नाराजच झालो.

आता खडूची गोष्ट. कारखान्यात त्यांच्या विभागाची एक रीत होती. ट्रक बनला की चाचणीला जाई. तिथून काही बिघाड घेऊन परत आला, की ज्याच्या हातचं काम चुकलं त्याने स्वतः पुढे येऊन ट्रकच्या बॉनेटवर खडूने आपलं नाव लिहायचं. साहेबाने विचारायच्या आधी. मग स्वतःच ते दुरुस्त करायचं, आणि पुढच्या चाचणीत ड्रायव्हरच्या शेजारी स्वतः बसून जायचं. ट्रक नीट परत आला की आपलं नाव आपल्याच हाताने पुसायचं. लिहिलेलं नाव दुसऱ्याने पुसायचं नाही. कुणी कुणाला हसायचंही नाही, कारण उद्या आपलं नाव असणार हे प्रत्येकाला ठाऊक असे.

पुढे एक नवीन साहेब आले. बॉनेटवर नावं बरी दिसत नाहीत, पाहुणे येतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. खडू बंद झाला आणि छापील फॉर्म आला, तीन प्रतींमध्ये. "फॉर्म आला त्या दिवसापासून," रामटेके सांगत, "आमच्या इथं कोणाच्याच हातून चूक नाही झाली. सगळी चूक मटेरियलची." फॉर्म हा विषय माझ्या खात्यातला असल्यामुळे मी गप्प बसलो. रामटेके यांनी मात्र खडू खिशात ठेवला, तो निवृत्तीनंतरही.

आणि तो बाहेर निघाला तो तिवारीजींच्या दारात.

तिवारीजी विजय नगरमधली बडी असामी. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक लाल स्पोर्ट्स कार होती, विलायती, दोन दारांची, जमिनीला इतकी खेटून की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखं. ती गाडी वापरली कमी आणि दाखवली जास्त. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत ती सर्वात पुढे, झेंडूच्या माळा घालून. तिची किल्ली तिवारीजींच्या बोटात असे, आणि त्या किल्लीच्या कड्यात चांदीचा गणपती, तिजोरीच्या, बंगल्याच्या, ऑफिसच्या आणि गोदामाच्या अशा मिळून पावशेर वजनाच्या किल्ल्या. लग्नात, मुंजीत, कुठेही ते आले की आधी तो जुडगा टेबलावर वाजे, मग ते बसत.

त्यांची मुलगी निधी. पंचविशीतली, कॉलेजात शिकवणारी. एके दिवशी वडिलांकडून तो सगळा जुडगा घेऊन ती त्या गाडीने गावाबाहेर, बरगीच्या रस्त्याने निघाली होती. उतारावर एका खड्ड्यात चाक आदळलं आणि धावती गाडी एकदम बंद पडली. इंजिन नाही, दिवे नाहीत. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने कसाबसा बाजूने काढला. ती वाचली, गाडीला ओरखडाही नाही. ढकलत बाजूला घेतल्यावर किल्ली फिरवली तर गाडी चालू, जणू काही झालंच नाही. घरी आल्यावर तिवारीजींनी चार लोकांसमोर निकाल दिला, "लड़की है, घबरा गई, खुद ही बंद कर दी होगी।" गाडीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. पुढे गावभर तीच हकीकत झाली. नागपूरहून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने सांगितलं, गाडीची सगळी वायरिंग बदला, चार महिने लागतील. तेही निधीच्याच खात्यात जमा झालं.

रामटेके यांचं नाव तिला कुणी सांगितलं माहीत नाही. एका सकाळी ती अंगणात आली. मी ओट्यावर होतो.

"अंकल, मुझे बस एक बात जाननी है," ती म्हणाली. "मेरी गलती थी क्या?"

गाडी दुरुस्त करा असं ती म्हणाली नाही. रामटेके यांनी हातातली पकड खाली ठेवली. "अभी कैसे बताऊँ बेटा? गाडीले विचारावं लागेल."

मला ते सोबत घेऊन गेले. "चला कुळकर्णीबाबू, मोठ्या लोकांत जाऊन राहिलो. एक शिकलेला माणूस पाहिजे."

तिवारीजींच्या पोर्चमध्ये त्यांनी कुठलंही यंत्र काढलं नाही. टेस्ट लॅम्प काढला. स्टीअरिंगखालचं झाकण सोडवलं, आत हात घातला. बॅटरीकडून किल्लीच्या स्विचमध्ये येणाऱ्या तारेला बल्ब लावला. बल्ब लागला. गाडी हलवली, लागलेलाच राहिला. मग स्विचमधून पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या तारेला लावला आणि कड्यातून मोकळी केलेली नुसती किल्ली फिरवली. बल्ब लागला.

"अब गुच्छा दीजिए," ते तिवारीजींना म्हणाले.

चांदीच्या गणपतीसह सगळा जुडगा किल्लीला परत लटकवला. मग रामटेके यांनी मुठीने दाराच्या चौकटीवर एक दणका दिला, खड्ड्यात चाक आदळावं तसा. जुडगा झोके खाऊ लागला. बल्ब विझला. लागला. विझला.

चांदीचा गणपती हलत होता आणि त्याच्या तालावर बल्ब उघडझाप करत होता.

"स्विच अंदर से घिस गया है," रामटेके म्हणाले. "बीस-पच्चीस साल ये वजन लटका। वायरिंग ठीक है। बेटी भी ठीक है।"

निधी खांबाला टेकून उभी होती. ती तशीच उभी राहिली, फक्त तिने ओढणीचा शेव हातात घट्ट धरला. तिवारीजी म्हणाले, "देखते हैं। पहले नया लगाकर दिखाइए।" मोठ्या माणसांच्या पोटात अशा वेळी नेहमी आणखी एक चाचणी शिल्लक असते.

स्विच जबलपुरात मिळण्यासारखा नव्हता. निधीनेच इंटरनेटवर शोधून कुठूनसा मागवला. तीन आठवड्यांनी काड्यापेटीहून जरा मोठं खोकं आलं. रविवारी सकाळी दहाला बसवायचं ठरलं, आणि तिवारीजींनी जुन्या गाड्यांच्या मंडळींना चहाला बोलावून ठेवलं. चार महिन्यांचं काम एक म्हातारा अर्ध्या तासात करतो म्हणतो, हा कार्यक्रम पाहण्यासारखा होता. खुर्च्या मांडल्या होत्या. समोसे होते.

रामटेके यांनी बॅटरीची तार काढली. झाकण काढलं. दोन बारीक स्क्रू सोडवले आणि जुना स्विच बाहेर ओढला. तो सर्वांना दाखवला. आतलं पितळ काळं पडलेलं, प्लॅस्टिक एका कडेला वितळलेलं. मग नवा घेतला. तळहातावर धरून बोटाने फिरवला, टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक खटका तपासला. समाधानाने मान हलवली, जागेवर बसवला, स्क्रू आवळले, झाकण लावलं. हात इतके शांतपणे चालत होते की खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. बावीस मिनिटं झाली होती.

मग त्यांनी बॅटरीची तार जोडली.

आणि गाडीच्या आतले, स्टीअरिंगसमोरचे सगळे छोटे दिवे पेटले. किल्ली गाडीत नव्हती. किल्ली तिवारीजींच्या बोटात होती.

एकजण हसला. मग तिघेचौघे. "अरे वाह, बिना चाबी की गाड़ी!" कुणीतरी म्हणालं. तिवारीजींनी जुडगा उंच धरून सर्वांना दाखवला आणि हळूहळू मान हलवली. मी निधीकडे पाहिलं. तिचा चेहरा त्या काळ्या पडलेल्या पितळासारखा झाला होता. हा माणूस चुकला, म्हणजे याने सांगितलेलं सगळंच चुकीचं. ते दिवे लागले आणि तिची निर्दोष सुटका विझत चालली.

रामटेके क्षणभर दिव्यांकडे बघत राहिले. मग मी त्यांना हसताना पाहिलं. लाजेने नाही, ओळखीचा माणूस अचानक रस्त्यात भेटावा तसं.

काय झालं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. या गाडीत कुलपाची एक चौकोनी जीभ असते, ती स्विचच्या चौकोनी भोकात बसते. चौकोन चारही बाजूंनी बसतो, पण बरोबर एकाच बाजूने. कुलूप बंद असताना स्विचही बंद घरात, म्हणजे 'बंद'च्या खुणेवर, पाहिजे. त्यांनी हातावर तपासताना स्विच 'चालू'मध्ये सोडला आणि तसाच बसवला. ट्रकच्या खटक्यामागे कुलूपच नव्हतं, त्यामुळे कुणाशी जुळवून घेण्याचा प्रश्न पस्तीस वर्षांत आला नव्हता. त्या विलायती गाडीचा त्यांनी नकळत सैन्याचा ट्रक करून टाकला होता.

पण तेव्हा त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनी खिशातून खडू काढला, गाडीच्या पुढे गेले आणि त्या आरशासारख्या लाल बॉनेटवर, मधोमध, वीतभर अक्षरांत लिहिलं: रामटेके.

"अरे, अरे! पॉलिश!" तिवारीजी खुर्चीतून उठले.

"चॉक है साहब, निकल जाएगा," रामटेके म्हणाले आणि मग खुर्च्यांकडे वळले. आवाज चढवला नाही. "गलती मेरी है। गाड़ी की नहीं, स्विच की नहीं, बेटी की नहीं। मेरी है, इसलिए मेरा नाम लिखा है। दस मिनट दीजिए।"

हसणं थांबलं. त्या मंडळींत कारखाने चालवणारे होते, कंत्राटदार होते, एक निवृत्त अधिकारी होते. त्यांपैकी कुणी आपल्या चुकीवर आपलं नाव लिहिल्याचं मला आठवत नाही. मीही लिहिलेलं नाही. माझ्या सगळ्या चुका आजही रेल्वेच्या कार्यालयात निनावी पडून आहेत. त्या पोर्चमध्ये उभा असताना मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतो, हे जरा मोठ्याने सांगावं.

त्यांनी पुन्हा बॅटरीची तार काढली. झाकण, स्क्रू, स्विच. तो बंद घरात फिरवून आणला, जीभ जुळवली, बसवला. तार जोडली. दिवे लागले नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

"चाबी। सिर्फ़ चाबी।"

तिवारीजींनी जुडग्याकडे पाहिलं. रामटेके यांनी दुसऱ्या हाताने खिशातला खडू पुन्हा काढला आणि तोही पुढे केला. कुणासाठी आहे ते ते बोलले नाहीत. बॉनेटवर नावाखाली बरीच मोकळी जागा होती.

तिवारीजींनी खडू घेतला. बॉनेटकडे पाहिलं. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नसतानाही मला वाटलं, आता हे लिहिणार. पण त्यांनी खडू कुर्त्याच्या खिशात टाकला. मग नखाने ते जाड कडं उचकटायला लागले. ते सहज उघडेना. नख तुटलं असावं, कारण त्यांनी बोट तोंडात घातलं. शेवटी किल्ली सुटली. ती त्यांनी रामटेके यांना दिली नाही. मुलीकडे गेले.

"चला ले," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, अगदी हळू, "तूने बंद नहीं की थी।"

खुर्च्यांवर कितीजणांना ऐकू गेलं सांगता येत नाही. निधीला ऐकू गेलं.

तिने किल्ली लावली, फिरवली. इंजिनाने एकदाच घसा खाकरला आणि ते बोलू लागलं. ती नाव पुसायला फडकं घेऊन पुढे झाली तर रामटेके यांनी अडवलं. "नाही बेटा. टेस्ट बाकी है।" आणि तो बेताच्या उंचीचा माणूस गुडघ्यावर हात देत, "अगं आई" म्हणत, त्या पाटाएवढ्या सीटवर जाऊन बसला. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्याने नीट केली.

ते गेले. समोसे थंड झाले. मंडळी पांगली. तिवारीजी फाटकापाशी उभे होते, जुडगा हातात होता, पण वाजत नव्हता. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो.

रामटेके यानंतर दीड वर्ष होते. अंगणात मिक्सर सोडवत, मला टोमणे मारत, दुकानातून नवा खडू आणून खिसा मळवत. गेल्या थंडीत ते गेले. आठवले की मला मात्र ते अंगणात दिसत नाहीत. त्या रविवारचं वळण दिसतं.

पाऊण तासाने गाडी परत आली. वळणावरून सरळ आमच्याकडे. आधी आवाज, मग लाल रंग, मग बॉनेटवरची अक्षरं वाचता येऊ लागली. अक्षरांच्या वर काच, आणि काचेमागे ते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, इतके स्थिर, की नावाखाली माणूस बसवला आहे की माणसाखाली नाव, कळू नये. निधी हसत होती. तिवारीजींनी फाटक उघडलं.

गाडी थांबली नाही. फाटकासमोर जराशी मंदावली. रामटेके यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कुळकर्णीबाबू, खड्डे कमी पडले," ते ओरडून म्हणाले. "बरगीपर्यंत जाऊन येतो. तोपर्यंत नाव राहू द्या."